बावीस जर्सींचा वाजवी चिखल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बेव्हर्ली क्रॉथरचं वॉशिंग मशीन निवर्तलं. वय दोन वर्षं अकरा दिवस. वॉरंटी दोन वर्षांची. म्हणजे मशीन शिस्तीचं, आधी वॉरंटीला जाऊ दिलं, मग स्वतः गेलं. पोटात ऑस्ट्रेलियातल्या मिराबुल गावच्या फुटबॉल क्लबच्या बावीस जर्सी होत्या, चिखलासकट. शनिवारी अंतिम सामना.

मिराबुलच्या जर्सी बेव्ह धुते. एकोणीस वर्षं झाली. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा खेळायचा तेव्हा एकदा जर्सींची पिशवी घरी आली. पुढे नवरा गेला, पिशवी राहिली.

बेव्हने दुकान गाठलं. मॅनेजर ग्रँट पोल्टर हाच क्लबचा अध्यक्षही.

"बेव्ह, अगं अकरा दिवस आधी यायचंस ना!" तो कळवळला.

"अकरा दिवस आधी ते चालू होतं, ग्रँट."

"इथेच तर लोक चुकतात."

बेव्हने त्याच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. किटल्यांच्या सेलच्या जाहिरातीआडून सरकारी फलक अर्धामुर्धा डोकावत होता: वॉरंटी संपली तरी वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे, न टिकल्यास जबाबदारी विकणाऱ्याची.

"कायदा आम्हाला शंभर टक्के मान्य आहे," ग्रँट म्हणाला आणि जाहिरात जराशी डावीकडे सरकवली. "वाजवी म्हणजे किती, एवढाच प्रश्न. त्यासाठी हेड ऑफिसात वाजवीपणा कक्ष आहे."

कक्षाचा फॉर्म चौदा पानी. प्रश्न सहावा: मशीनचा वापर कसा करता? इथे शहाणा माणूस ‘क्वचित आणि हळुवारपणे’ असं लिहितो. बेव्हने अभिमानाने लिहिलं: दर मंगळवारी बावीस जर्सी, एकोणीस वर्षं, एकही डाग शिल्लक नाही.

बुधवारी उत्तर आलं. व्यावसायिक वापर. अर्ज नामंजूर.

"अरे, मी कुणाकडून एक सेंट घेत नाही!"

"तीही नोंद आहे," ग्रँटने वाचून दाखवलं. "‘शून्य दराने चालवलेला व्यवसाय.’"

"जर्सी तुझ्याच क्लबच्या आहेत ना रे, गाढवा!"

"अध्यक्ष म्हणून मी तुझा जन्मभराचा ऋणी आहे. मॅनेजर म्हणून माझे हात बांधलेत."

बेव्हने फेरतपासणी मागितली. गुरुवारी कंपनीमान्य मेकॅनिक आला, लॅकी प्रिडो. संघाचे निम्मे गोल हाच मारतो. नऊ नंबरची जर्सी त्याची, आणि सगळ्यात जास्त चिखलही तिच्यावरच. त्याने मशीन आडवं केलं, खोललं, शीळ घातली.

"बेव्ह आंटी, बेअरिंग गेलंय. आणि ते धरून ठेवायला हे बघ, बिस्किटाएवढं प्लॅस्टिक! तुझं आधीचं मशीन किती चाललं?"

"बावीस वर्षं. तुझ्या बापाचा चिखल खाऊन."

लॅकीने अहवाल उघडला. बिघाडाचं कारण: (अ) पाणी, (ब) ग्राहक, (क) बाह्य पदार्थ. ‘मशीन’ असा पर्यायच नव्हता.

"खरं काय ते लिही," बेव्ह म्हणाली.

"खऱ्याला चौकट नाही गं."

त्याने नाइलाजाने (क)वर खूण केली. पुढचा रकाना: पदार्थ कोठून आला? लॅकीने टबात भिजणाऱ्या नऊ नंबरकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

शुक्रवारी कक्षाचा अंतिम निर्णय: ‘मिराबुलमधून या मॉडेलविषयी आजवर एकही तक्रार नाही. सबब मॉडेल टिकाऊ असून ग्राहक अपवादात्मक आहे.’ याविरुद्ध लवादाकडे जायचं तर अर्जाला साक्षीदार हवेत.

नगरपालिका त्या आठवड्यात मोठा भंगार कचरा उचलणार होती. लोकांनी आपापली अडगळ फुटपाथवर आणून ठेवलेली. बेव्ह घरून निघाली आणि तिसऱ्या घराशी थबकली. तेच मॉडेल, तेच निळं दार. पुढे आणखी एक. एका रस्त्यावर सात. तिने दारं ठोठावली.

"दोन वर्षं तीन आठवडे चाललं बिचारं."

"मग तक्रार केलीस का?"

"जाऊ दे गं, बेव्ह. तमाशा कशाला उगाच?"

सातही दारांवर हेच. मिराबुलमध्ये माणूस ट्रॅक्टरखाली सापडला तरी ‘तसं बरं आहे’ म्हणतो. मशीनसाठी तो तोंड उघडेल?

शनिवारी टबात हाताने धुतलेल्या जर्सी घालून संघ मैदानात उतरला. मध्यंतरात ग्रँटने माइक घेतला. गावाने बेव्हसाठी पैसे उभे करायला सोडत काढली होती, बक्षीस मटणाचं ताट. तिकिटं हातोहात खपली, नवीन मशीन आलं. त्याच दुकानातून. तेच मॉडेल, वर लाल फीत. टाळ्या थांबेनात.

बेव्हने माइक ओढून घेतला. "उपकार नकोत मला. माझं मशीन कायद्याने दुरुस्त करून हवंय. ज्यांची फुटपाथवर पडलीयत त्यांनी साक्षीला हात वर करा."

तीनशे माणसं. सहाशे हात खिशात.

"बेव्ह, खेळ सुरू होतोय गं!" कुणीतरी ओरडलं.

एकच हात वर झाला, मैदानातून. नऊ नंबर. "त्यातली चार मी स्वतः उचलून फुटपाथवर ठेवलीत!" लॅकी ओरडत होता. पंचांना वाटलं, दुखापत झाली. त्यांनी त्याला बाहेर काढलं.

मिराबुल सहा गुणांनी हरलं; तिथल्या फुटबॉलमध्ये गोलचे गुण सहा, म्हणजे नेमक्या एका गोलने. दोष एकमताने बेव्हचा ठरला. या ठरावावर मात्र सह्यांना तोटा पडला नाही.

हसताय? हसा. फक्त तुमचं मागचं मशीन वॉरंटी संपल्यावर कितव्या दिवशी गेलं, तेवढं आठवा. आणि दुसरं ज्या दुकानातून आणलंत, त्याला पाचपैकी किती तारे दिलेत, तेही.