मागचं वजन

छोटा ट्रॅक्टर बर्फात घसरतो याचं कारण बर्फ नाही आणि उतारही नाही. वजन चुकीच्या जागी असतं, हे कारण आहे. एवढं एक सत्य माणसाला कळलं की पुढचा हिवाळा सोपा जातो.

स्लोव्हेनियाच्या डोंगरातल्या स्त्रमिना गावच्या पुरुषांना हे सत्य फार पूर्वीच कळलंय. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलं की ट्रॅक्टरचं नाक जड होतं, मागची चाकं हलकी पडतात आणि जागच्या जागी गरगरतात. नगरपालिकेच्या हिवाळी स्थैर्य समितीने त्यावर छापील पत्रक काढलं. चारही चाकांना साखळ्या घालाव्यात, टायरांत वजनासाठी मिठाचं पाणी भरावं, चाकांमधलं अंतर वाढवावं, ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी त्याच्या मागची लोखंडी कमान उभी ठेवून पट्टा बांधावा आणि मागच्या लिफ्टवर, म्हणजे अवजारं उचलणाऱ्या दांड्यांवर, काँक्रीटचा ठोकळा लावावा. गावाने पत्रक मनापासून वाचलं आणि मागे बायको उभी केली.

आकडे बोलके आहेत. गावात छोटे ट्रॅक्टर चौतीस. एकतिसांच्या मागे बायको, दोहोंच्या मागे सासू (वजन जास्त, तक्रारही जास्त) आणि एकाच्या मागे काँक्रीट. काँक्रीटवाला अविवाहित आहे. गाव त्याची कीव करतं.

फेर्दोच्या मागे बावीस हिवाळे तोन्चका उभी होती. एकाहत्तर किलो, ओल्या कोटासकट चौऱ्याहत्तर. लिफ्टवर फळी, फळीवर ती. तिथून तिला दोनच गोष्टी दिसायच्या: फेर्दोची टोपी आणि टोपीच्या डावीकडे दरी. कमान कायम आडवी पाडलेली, कारण गोठ्याचं दार बुटकं. दार उंच करायचं फेर्दोच्या मनात होतं, आणि तिथे ते अगदी सुरक्षित होतं. साखळ्या खुंटीला. त्या घालायला अर्धा तास लागतो, बायको चढायला अर्धं मिनिट.

"साखळ्या घाल, फेर्दो. वरचं वळण गोठलंय. एक दिवस दरीत जाईन मी."

"तू मागे आहेस तोवर कोणी दरीत जात नाही."

(याला गावात कौतुक म्हणतात.)

जानेवारीत समितीचे पोतोचनिक साहेब तपासणीला आले. हातात फॉर्म.

"मागील वजन?"

"आहे," फेर्दो म्हणाला.

"घट्ट बसवलंय?"

"चर्चमध्ये, साहेब. साक्षीदारांसमोर."

"सुटायची शक्यता?"

"माहेर विकून झालंय."

साहेबांनी तिन्ही ठिकाणी खूण केली.

"साहेब, माझं जरा ऐका," तोन्चका म्हणाली.

"हलू नका बाई, मोजमाप चाललंय."

मग प्रात्यक्षिक झालं. वरच्या वळणावर मागची चाकं डावीकडे सरकली, फळीही सरकली, आणि फळीखाली दरी आली. तोन्चकाने उजवीकडे उडी मारली आणि कमरेइतक्या बर्फात रुतली. ट्रॅक्टर वळणावरच आडवा झाला. फेर्दो आलुबुखाराच्या झाडात जाऊन अडकला. गळपट्टीचं हाड मोडलं, टोपी शाबूत.

समितीने सहा पानी अहवाल दिला. अपघाताचं कारण: वजनाने पूर्वपरवानगीशिवाय जागा सोडली. उपाय: पुढच्या हिवाळ्यापासून पट्टा सक्तीचा, वजनाला. (चालकांना पट्टा पोटावर काचतो, असं पाहणीत आढळलं.)

पुढच्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ पडला. रस्ता मोकळा झाला नाही तर दुधाचा टँकर वर येत नाही, आणि गायींना अहवाल वाचता येत नाहीत. तोन्चकाने करवत घेतली आणि गोठ्याच्या दारावरच्या दोन फळ्या कापल्या. सतरा मिनिटं लागली. कमान उभी केली, साखळ्या घातल्या, अविवाहित शेजाऱ्याकडून जादाचा ठोकळा आणून मागे अडकवला, आणि सीटवर बसून पट्टा बांधला.

फेर्दो गळ्यात हात अडकवून खिडकीत आला. "मी उभा राहू का मागे? सत्त्याण्णव किलो आहे मी."

"नको. ठोकळा बोलत नाही."

वरच्या वळणावर ट्रॅक्टर एक बोटही सरकला नाही. टँकर वेळेवर आला. टँकरमागोमाग फेरतपासणीला पोतोचनिक साहेबही आले. साखळ्या, कमान, ठोकळा, सगळ्यांवर खूण झाली. 'चालक' या रकान्यावर पेन अडलं.

"मी," तोन्चका म्हणाली.

"तुमची नोंद वजनात आहे, बाई. वजनानेच ट्रॅक्टर चालवायची नियमात सोय नाही."

"मग तो नियमच मागे उभा करा. बघू किती किलो भरतो."

साहेबांनी 'चालक: नाही' असं लिहिलं आणि स्थैर्याचं प्रमाणपत्र फेर्दोच्या नावाने दिलं. फेर्दोने ते डाव्या हाताने भिंतीवर लावलं. तोन्चका तोवर खालचा रस्ता मोकळा करायला निघून गेली होती.

हे वाचून तुम्ही हसला असाल. हसा. तुमच्याकडे बर्फ पडत नाही, आणि इतकं निवांत बसून वाचता येतंय म्हणजे तुमचं काही घसरतही नाहीये. का घसरत नाहीये हे पाहायचं असेल तर इथूनच चहासाठी एक हाक मारा आणि कोण उठतं ते बघा. तुम्ही उठायची गरज नाही. तशी ती तुम्हाला कधीच पडली नव्हती.