रंगनाथमामा, एकशे अडतीस किलो

आमच्या गल्लीतले रंगनाथमामा ओळख करून देताना नावापुढे वजन सांगत. लोक बी.ए., बी.एड. लावतात तसं. "मी रंगनाथ. एकशे अडतीस." समोरचा माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं, हा घर नंबर असावा. मग मामा खुलासा करायचे, "किलो. मोंढ्यातल्या काट्यावर केलंय. अनशापोटी."

मामांचं अख्खं आयुष्य परभणीच्या मोंढ्यात माप करण्यात गेलं. सोयाबीन, तूर, हरभरा. घरातल्या छोट्या वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ते खेळणं हाय," म्हणायचे. काम सोडल्यावरही महिन्यातून एकदा ते मोंढ्यात जात, पोत्यांच्या काट्यावर उभे राहत आणि परत येताना आकडा घरोघरी पेढ्यासारखा वाटत येत. आकड्याबरोबर शुगर, गुडघे आणि मूळव्याधीची ताजी खबरही असे. कुणी तोंड फिरवलं की म्हणायचे, "मामला खुल्ला पाहिजे. मी काय चोरी केली का?"

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते आणि माझा मामला कायम बंद. माझं वजन मी मोबाईलमधल्या व्यायामाच्या अॅपलाही बारा किलो कमी सांगितलं होतं. त्यानं भाबडेपणानं माझं अभिनंदन केलं होतं. शाळेत रस्सीखेच असली की मला सगळ्यात मागे उभं करून दोर कमरेला गुंडाळत. इंग्रजी शाळा असल्यामुळे त्याला 'अँकर' म्हणत, म्हणून बरीच वर्षं मला तो मान वाटायचा. तो मान नव्हता हे रिक्षावाल्यांनी शिकवलं. "ताई, तुमी मधी बसा. एका बाजूला जायलीय गाडी."

पंचविशीतच शुगर निघाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. मी हो म्हणाले. आईनं एकच अट घातली, की गल्लीत कुणाला कळता कामा नये. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आई शाळेत शिक्षिका आहे आणि वाक्यं मोजून बोलते. "ऑपरेशन झालेली मुलगी म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत," ती म्हणाली. म्हणून डोळे तपासायला चाललो असं सांगून आम्ही नांदेडला गेलो.

त्या दवाखान्यातल्या खुर्च्या खास रुंद होत्या. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसून मला दोन्ही बाजूंनी वारा लागला. ते सुख नीट भोगायच्या आतच कोपऱ्यातून आवाज आला, "मी रंगनाथ. एकशे अडतीस."

अशा वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं. मलाही वाटलं, पण मला घेण्याची धरणीची तयारी कितपत असेल याची शंका होती. मामांनी मला पाहिलं, आईला पाहिलं, माझ्या मांडीवरची जाडजूड फाईल पाहिली.

"डोळे दाखवायला आलो होतो," आई म्हणाली.

मामांनी भिंतीवरच्या जठराच्या भल्यामोठ्या चित्राकडे नजर टाकली. "हां," ते म्हणाले. "डोळ्याचं बी करत असतील."

बाहेर चहाच्या टपरीवर आईनं सगळं सांगून टाकलं. मामांचं स्वतःचं ऑपरेशनही तिथेच, आणि तेही त्याच सुमाराला ठरलं होतं. आई हात जोडून म्हणाली, "मामा, एवढं पोटात ठेवा. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"बाई, जबान देतो," मामा म्हणाले. "रंगनाथच्या तोंडून न्हाई निघायचं."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. पूर्णा मागे पडल्यावर ती म्हणाली, "संपलं. ज्याला स्वतःची मूळव्याध लपवता येत नाही, त्याच्याकडे आपण आपली इज्जत ठेवून आलो."

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ खायचं असतं. खायचं म्हणजे प्यायचंच. ताक, मुगाचं पाणी आणि खडूसारखी लागणारी एक पावडर. त्यानं यकृत जरा आक्रसतं आणि डॉक्टरांना आत हात घालायला जागा होते. माझ्या नशिबी हे दोन आठवडे ऐन हुरड्याच्या दिवसांत आले. शेजारच्या शिंदेकाकूंचं शेत बोरीजवळ आहे आणि दर थंडीत त्या गल्लीला हुरड्याला नेतात. मी गेले नसते तर संशय आला असता. हुरड्याला नाही म्हणणारी मुलगी म्हणून माझी ख्याती नव्हती.

आगटीभोवती सगळे बसले. कणसं भाजली जात होती, तळहातावर चोळून गरम दाणे पुढे येत होते. गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. मी वास घेऊन पोट भरायचा प्रयत्न करत होते. शिंदेकाकूंनी ओंजळभर हुरडा थेट माझ्या तोंडासमोर धरला. "घे गं. आज अशी काऊन गप बसलीस?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. तेवढ्यात खाटेवर बसलेले मामा गरजले, "ओ, हिकडं बगा सगळे. माझं काय करणार हायत ते दावतो."

त्यांच्या हातात भरताचं एक वांगं होतं आणि दुसऱ्या हातात विळा. त्यांनी वांगं उभं कापलं. देठाकडून खालपर्यंत एक बारकी फाक एका हातात राहिली आणि बाकीचं सगळं धप्पकन खाली पडलं. "एवढं ठिवायचं," फाक नाचवत मामा म्हणाले, "आन् हे समदं काढून टाकायचं. खुल्लमखुल्ला. हे माझं जठर."

"अगं माय," कुणीतरी म्हणालं. माणसं उठून मामांभोवती गोळा झाली. काढलेलं जठर दवाखान्यातच ठेवतात की घरी देतात, असा प्रश्न आला. परत उगवतं का, असाही आला. शिंदेकाकू तर माझ्यासमोरचा हुरडा नकळत स्वतःच खात मामांकडे बघत राहिल्या. मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मी नशिबाचे आभार मानले आणि मामांना मनातल्या मनात नावं ठेवली. काय हा सोस, सारखं सगळ्यांनी आपल्याकडेच बघावं म्हणून.

निघताना मामांनी आणखी एक घोषणा केली. "दवाखान्यात समदं इंग्रजीत अस्तंय. समोरची पोरगी न्यायलोय संगं, कागदं वाचायला. बाई बी येणार हायत." आईच्या जिवात जीव आला. नांदेडला जायला आम्हाला नवं कारण शोधावं लागलं नाही.

दवाखान्यात आम्हाला दोघांनाही मागून बंद लावायचे हिरवे गाऊन मिळाले. बंद दोन होते आणि पुरत नव्हते. मामा भिंतीला पाठ लावून कडेकडेनं चालत आले आणि म्हणाले, "हे मातर लय खुल्लं झालं." एरवी मी हसले नसते. पण त्या दिवशी मीही भिंतीलाच पाठ लावून उभी होते, म्हणून हसले. आधी त्यांना आत नेलं, मग मला.

शुद्धीवर आल्यावर पहिलं आश्चर्य म्हणजे, कापलं पोट आणि दुखत होता खांदा. आत भरलेल्या हवेमुळे तसं होतं, असं नर्स म्हणाली. दुसरं आश्चर्य म्हणजे पाणी. औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा. भर लग्नात मठ्ठ्याचे चार पेले सहज रिचवणारी मी, घोटभर पाण्यानं तुडुंब झाले. मग फुप्फुसांसाठी एका नळीतून श्वास आत ओढत बसायचं. तिच्यात तीन रंगीत गोळ्या असतात आणि त्या वर उचलायच्या. माझी एकच हलायची. मामांच्या तिन्ही वर जात आणि ते पूर्ण वॉर्डला ऐकू जाईल असं सांगत.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालायचं होतं. मामांनी चालता चालताच शिंदेकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे गल्लीतली दहा डोकी एकावर एक. नेमकी मी सलाईनचा दांडा ढकलत, हिरव्या गाऊनमध्ये, त्यांच्या मागून आले. काकूंचा आवाज आला, "मामा, ती मागं कोण हाय ओ?" मामांनी फोन चेहऱ्याला इतका चिकटवला, की पुढचा सगळा वेळ गल्लीला फक्त त्यांचं नाक दिसलं. घरी आल्यावर काकूंनी तक्रारही केली. "एवढा फोन लावला आन् नुसती नाकपुडी दावली."

परत आल्यावर मामांकडे भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. लोक बिस्किटं आणत, शहाळी आणत, एकांनी तर डिंकाचे लाडू आणले. मामा बनियन वर करून पाच बारीक खुणा दाखवायचे. मी बाजूला पाण्याचा पेला घेऊन उभी असायचे. तशाच पाच खुणा माझ्या कुर्त्याखाली होत्या, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

महिन्याभरात माझे कपडे ढिले झाले. आता तरी कळणार, असं मला वाटलं. पण शिंदेकाकू माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "मामाच्या सेवेत झिजलं लेकरू."

"तर काय," मामा लगेच म्हणाले. "माझं पथ्य चालू हाय म्हणून ही बी जेवत न्हाई. मी म्हणलं, खा गं. ऐकायलीच न्हाई."

गल्लीत माझं नाव झालं. ताडकळसहून एक स्थळ आलं. मध्यस्थ आईला म्हणाले, "आमच्याकडं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या हायत. अशीच सेवाभावी मुलगी पाहिजे होती." एवढं मोठं ऑपरेशन सोसून मी अखेर एक परिचारिका म्हणून पसंत पडत होते. आईनं पत्रिका जुळत नाही असं कळवलं. त्या दुपारी मी खिडकीत बसून पहिल्यांदा सगळं नीट जुळवून पाहिलं. वांगं, नाक, पथ्य. माझी गुपित ठेवण्याची पद्धत म्हणजे गप्प बसणं. मामांना गप्प बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचाच एवढा गोंगाट केला होता, की त्यात मी ऐकूच येऊ नये.

खिडकीतून त्यांचा ओटा दिसत होता. आणि ओट्यावर मामा एकटेच होते. भेटायला येणाऱ्यांची रांग संपली होती, ते ठीकच. पण बोलावणंही थांबलं होतं. मामी गेल्यापासून मामांच्या घरात चूल अशी नव्हतीच. ती गल्लीभर पसरलेली होती. सकाळचे पोहे शिंदेकाकूंकडे, दुपारची भाकरी कोपऱ्यावरच्या दुकानात, संध्याकाळी कुणाकडे धपाटे. ते खात आणि बोलत, आणि बोलता यावं म्हणून आणखी खात. आता लोक त्यांना चुकवत होते, तेही मायेनं. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्यासमोर कसं खावं गं? जीव तुटतोय. आन् द्यावं तरी काय?"

दुपार झाली की मामा वरणाची छोटी वाटी घेऊन ओट्यावर बसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सावकाश खा, एक वाटी अर्धा तास पुरवा. रस्त्यावरून कुणी गेलं की मामा मान वर करायचे. "जेवा, जेवा मामा," म्हणत माणूस पुढे जायचा. मामा चमचा हातात धरून तो वळणापर्यंत जाईतो बघत राहायचे. मग पुन्हा वाटीकडे.

तीच वाटी, तेच वरण, तोच अर्धा तास, मीही रोज दार लावून काढत होते.

एके दिवशी आई शाळेत गेलेली असताना मी माझी वाटी उचलली आणि रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मामा दचकले. त्यांनी आवाज इतका खाली आणला, की तो त्यांचाच आहे यावर माझा विश्वास बसेना.

"घरात जा माय. लोकं बगतील."

"बघू द्या."

"बाईला जबान दिलीय म्या."

"तुम्ही कुठे काय सांगताय?" मी म्हणाले. "जेवा."

आम्ही जेवायला लागलो. एक चमचा, मग थांबायचं. थोड्या वेळानं मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू? तुला लागती का गं भूक?"

"नाही."

"मला बी न्हाई," ते म्हणाले. "लय भ्या वाटतंय. सकाळी उठलं की दिवसभर काय करावं ते उमगत न्हाई. पर हे कुणाला सांगावं? त्येंना वाटंल, म्हातारं पस्तावलं."

मलाही तसंच वाटत होतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात शिंदेकाकू दळणाचा डबा घेऊन आल्या. थांबल्या. मामांची वाटी पाहिली, माझी पाहिली. "काय गं, मामाचं औषधी वरण तू बी खायलीस? सेवा म्हणजे किती करावी?"

"पथ्य—" मामांनी सुरुवात केली. "माझ्यासाठी बिचारी—"

"काकू, माझंही ऑपरेशन झालंय," मी म्हणाले. "मामांचं झालं त्याच दिवशी. तिथेच."

मला वाटलं होतं, आता डबा खाली पडेल. आईचा चेहरा, ताडकळसचे मध्यस्थ, पुढची सगळी स्थळं डोळ्यासमोरून गेली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं. "तरीच," त्या म्हणाल्या. मग त्या हळूहळू मामांकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला.

"मामा. तुमाला हे ठाऊक होतं?"

मामा वाटीत बघत राहिले.

"कवापासून?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

काकूंनी दळणाचा डबा पायरीवर ठेवला आणि त्या शेजारी बसल्या. बराच वेळ त्या मामांकडे, जणू या माणसाला आज पहिल्यांदाच बघताहेत, अशा बघत होत्या. माझ्या पोटाचं काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही.

मामांनी कान लाल करून चमचाभर वरण घेतलं, आणि मला नीट बसता यावं म्हणून ओट्यावर बाजूला सरकले. एवढी जागा आता मला लागत नाही. पण ते जुन्या अंदाजानं पुष्कळच सरकले.