प्रथमफळाचा मूळ अर्थ

“हे प्रथमफळ?” अर्पणाच्या टेबलावरचा बिस्किटाचा पुडा दोन बोटांत धरून अतुल साळवेसरांनी विचारलं. लोणावळ्याच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाची तयारी चालली होती. प्राध्यापकी संपल्यापासून सर ऑनलाइन हिब्रू शिकत होते आणि तेव्हापासून सगळी मंडळी त्यांना अडाणी वाटू लागली होती.

“अहो, मूळ अर्थ शेतातली पहिली पेंढी! ती देवापुढे ओवाळायची. पुढे पेंढीचं धान्य झालं, धान्याची वर्गणी झाली, आणि तुम्ही त्याची बिस्किटं केलीत!”

“माजं शेत कुटंय, सर?” आक्काबाई म्हणाल्या. “माज्या टपरीत बिस्कुटंच पिकत्यात.”

सरांनी कीव आल्यासारखं पाहिलं. यंदा मूळ विधी होणार आणि तो आपणच करणार, असं त्यांनी पाळकसाहेबांकडून कबूल करून घेतलं. शेत अर्थात सरांकडेही नव्हतं. ते गाडी काढून बेडसे गावी हौशीराम नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गेले.

“भाताची पहिली पेंढी हवीय.”

“पयली? ती कवाच झोडून झाली, सायेब. ही मधलीच कुटली तरी हाय. चालंल?”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. “चालेल,” ते हळूच म्हणाले.

रविवारी चर्च गच्च भरलं. सरांनी शब्दाचा उगम इतका लांबवला, की मंडळी घामाघूम झाली आणि पाळकसाहेबांनी पंखे लावायला सांगितले. सर तंद्रीतच होते. “ही पाहा, हंगामाची पहिली पेंढी!” असं गर्जून ते वेदीच्या पायरीवर चढले आणि पेंढी ओवाळू लागले. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या.

डोक्यावरच्या पंख्यानं पेंढी हिसकावून घेतली. चर्चभर भात उधळला गेला. गानवृंदातल्या ज्योत्स्नाच्या तोंडात पेंढा गेला, पाळकसाहेबांचा चष्मा उडाला. मग मागून कुणीतरी “हालेलुया!” ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अहो, हा अपघात आहे!” सर केसांतल्या काड्या उपसत किंचाळले. “मूळ विधीत पंखा नाही!”

“आसू द्या,” पदरात दाणे वेचत आक्काबाई म्हणाल्या. “डोईवर पडलं तवा कळलं, काय आसतं त्ये.”

पुढच्या वर्षी सणाआधी वायरमन आला. सरांच्या देखत आक्काबाईंनी त्याला बजावलं, “दिवं ऱ्हाऊ दे. आदी परथमफळाला तेल घाल, लय खडखडतंय.”

‘कुठलं?’ असं वायरमननं विचारलंसुद्धा नाही. त्यानं शिडी थेट वेदीवरच्या पंख्याखाली लावली.