बेरीज नऊ

शहापुरात मुकेशच्या सायबर कॅफेत दुपारी तीनला एकही साइट उघडेना, आणि त्याची बहीण रत्नप्रभा पाचच्या ठोक्याला सरकारच्या लेखी म्हातारी होणार होती. तलाठी भरतीचा ऑनलाइन फॉर्म पाचला बंद. पुढच्या भरतीला ती वयात बसत नव्हती. त्यात चारला भारनियमन. आपल्याकडे वेळेवर येतं ते तेवढंच.

"दादा, कालपर्यंत तर चालत होतं ना?"

"व्हायरस आला म्हणून रात्री सगळं फॉरमॅट केलं. आकडे परत भरले, त्या कार्डावर बघून बघून."

लाइन जोडणारा माणूस भिंतीवरच्या त्या कार्डावर डीएनएसचा पत्ता लिहून गेला होता. डीएनएस म्हणजे साइटचं नाव विचारलं की तिचा आकडा सांगणारा लांबचा कंप्युटर. तो मुका, तर सगळं इंटरनेट मुकं.

शेजारी वडील बारकू बसले होते. मुरबाड-शहापूर जीप चालवायचे. तिच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून चार महिने थांबलेले. "कंपनीला फोन लाव," ते म्हणाले.

कंपनीची बाई गोड होती. "सर, कंप्युटर बंद करून चालू करा." मुकेशने तीनदा केला. चौथ्यांदा तिने तेच सांगितल्यावर मुकेशने तिला जे सांगितलं, ते ऐकून रत्नप्रभेने कानांवर हात ठेवले.

मग त्याने कंप्युटरच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप ठोकलं, म्हणजे डीएनएसला साइटचा आकडा विचारला. उत्तर आलं, वेळ संपली. परत ठोकलं. वेळ संपली.

"आमची पण संपत आली," रत्नप्रभा म्हणाली.

खर्डीला मुकेशच्या मित्राचा, शेखरचा, कॅफे होता, लाइन त्याच कंपनीची. शेखरने तिकडे लुकअप करून भरतीच्या साइटचा आकडा फोनवर सांगितला. मुकेशने नावाच्या जागी आकडा टाकला आणि पान उघडलं. रत्नप्रभा खुर्चीतल्या खुर्चीत नाचली. बारकू पेढ्यांचं दुकान आठवू लागले. तिने दहावीपासूनचे मार्क भरून 'पुढे' दाबलं. पुढच्या पानाचा पत्ता मात्र आकड्यात नव्हता, नावातच होता. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

पावणेचार. मुकेशने परत शेखरला फोन लावला.

"शेखऱ्या, आकडा टाकला की पान उघडतंय, नाव टाकलं की नाही."

"मग लाइन ठीक हाय रे. तुझ्या डीएनएसचा आकडाच चुकलाय. वाच बघू."

"दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, आठ."

"आठ? माझ्याकडं सात हाय."

मुकेशने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. बाकी सगळे आकडे काळे, आठ तेवढा निळा. त्याच्या पोटात सात गुदमरून पडलेला. बारकूंच्या खिशाला निळं पेन होतं.

"बाबा."

"मग काय," बारकू शांतपणे म्हणाले. "बेरीज आठ येत होती. आठ शनीचा. मागच्या महिन्यात बसल्या बसल्या एक वाढवला. बघ, आता नऊ येतंय का नाय."

मुकेशने संतापात बेरीज केली. अठरा, म्हणजे एक नि आठ, नऊच आली. त्याने सात टाकला.

साइट धाडकन उघडली. रत्नप्रभेची बोटं कीबोर्डवर पळाली. चारला एक मिनिट कमी असताना प्रिंटरने पावती बाहेर टाकली आणि चारच्या ठोक्याला वीज जाऊन पंखा थांबला. रत्नप्रभा पावती छातीशी धरून हसत होती, रडत होती, घामाने निथळत होती.

"दाव गो," म्हणून बारकूंनी पावती घेतली, चष्मा लावला. अर्ज क्रमांकावर बोट फिरू लागलं, ओठ हलू लागले. "चार, तीन, सात, तीन..."

"बाबा, नको," रत्नप्रभा म्हणाली.

"आठ येतंय गो," ते कळवळून म्हणाले, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. पेन मुकेशने केव्हाच काढून घेतलं होतं.