दिवाण आणि मालकांचा सदरा

मालकांची कंबर दुखते म्हणून मी नगरहून जुना लाकडी दिवाण आणला. मालक सुप्याला कंपनीत, चौघांत एक खोली. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. पाच दिवस वाट बघायची अन् दोन दिवस भांडायचं, असा आमचा संसार. म्हटलं, ते दोन दिवस तरी माणसानं नीट पाठ टेकावी.

महिन्याभरात माझ्या हातावर लाल गांध्या उठल्या, टाके घातल्यासारख्या एका रांगेत. गादीची शिवण उलटली तर काळे ठिपके, अन् एक ढेकूण, तट्ट फुगलेला. मी चौथी शिकलेली बाई. हिशोब सोपा होता: घरात बाहेरून येतं कोण? मालक!

लगेच फोन लावला.

"तुमच्या पिशवीतनं ढेकनं आली घरात!"

"अगं, हितं एक बी न्हाई."

"मंग मी पाळलीत व्हय? खोली साफ झाल्याबिगर घरात पाऊल टाकायचं न्हाई!"

(मी एकदा बोलले की बोलले. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.)

गादी उन्हात टाकली, सगळे कपडे उकळले. मालकांचा एक सदरा तेवढा ठेवला. त्याला मशीनच्या तेलाचा अन् त्यांचा वास होता, उकळला की गेला असता.

शनिवार आला. भाकरी दोन जास्तच थापल्या. शेजारची चांगुणाबाई डोकावली.

"मालक आलं न्हाईत?"

"ओव्हरटाइम हाय."

दुसराही शनिवार तसाच गेला. एसटीचा हॉर्न वाजला की मी दारात. ढेकूण मात्र रोज हजर.

तिसऱ्या शनिवारी मालक दारात उभे, हातात वळकटी.

"खोली साफ झाली?" मी उंबऱ्यात आडवी उभी.

"झाली. औषधवाल्यानं सगळं तपासलं. ढेकनं फकस्त माझ्या वळकटीत निघाली. खोलीतला सहादेव म्हनला, आधी घरची काढ, मंग खोलीवर ये."

आत येऊन त्यांनी दिवाणाची फळी उचकटली. आत ढेकणांचा घोडेगावचा गुरांचा बाजार भरलेला!

"हे कुठनं आनलंस?"

मी चुलीवर पाणी उकळत ठेवलं. (चांगुणाबाई मुद्दाम बघायला आली.)

मालकांनी रजा टाकली. आठ दिवस दोघांनी मिळून दिवाणावर उकळतं पाणी ओतलं, फटीफटीत औषध मारलं. एवढं सुख लग्नात पण नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "ढेकनं संपली. निघतो."

"अजून हायेत!" मी तो न उकळलेला सदरा पुढं केला.

त्यांनी दारात नेऊन झटकला, शिवणी उलट्या केल्या, कॉलर तपासली.

मेला एकही निघाला नाही. इतके आठवडे फुकट रक्त पाजलं ढेकणांना!