नांगर टाकलेलं पाणी

कॅप्टन ऊर्मिला रेडकरचं विमान सकाळच्या पहिल्या फेरीसाठी पाण्यावरून उठलं, तेव्हा बंदराचा एक तुकडा त्याच्याबरोबर वर आला. तुकडा चौकोनी होता, शाळेच्या मैदानाएवढा, आणि दोन पुरुष खोल. विमानाचे फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी असलेले दोन लांबट तराफे, त्यात नेहमीसारखे अर्धे बुडालेले होते. तुकड्याच्या मागच्या कोपऱ्यात हसुराम वैतीची होडी होती आणि होडीत हसुराम होता.

खाली बंदरात तेवढाच चौकोनी खड्डा राहिला. त्याच्या भिंती पाण्याच्याच होत्या आणि सरळ उभ्या होत्या. तळाच्या चिखलात काही खेकडे आडोसा शोधत होते.

हसुराम तिथे असण्याला कारण होतं. ‘सागरझेप’ कंपनी पर्यटकांना विमानातून शहर आणि बेटं दाखवायची. उड्डाणासाठी बंदरानं तिला पाण्याचा जो पट्टा दिला, त्यात हसुरामची मासे धरायची जागा गेली. बंदर निरीक्षक टिपणीस यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं की नांगर टाकलेल्या होडीला कोणी हलवू शकत नाही, पण ज्या दिवशी नांगर उचलशील त्या दिवशी जागा सोडली असं धरलं जाईल. तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, हसुरामनं नांगर उचलला नव्हता. त्याची सून दुसऱ्या होडीतून डबा आणून द्यायची. ऊर्मिला रोज त्याला वळसा घालून विमान पळवायची आणि रोज मनातल्या मनात त्याच्यावर चिडायची.

त्या सकाळी तिला आधी फक्त विमान जड वाटलं. मग तिनं बाजूच्या काचेतून पाहिलं. फ्लोटला लाटा लागत होत्या आणि लाटांच्या पलीकडे, बरंच खाली, बाजारपेठेची कौलं होती.

तिनं विमानतळाच्या नियंत्रकाला कळवलं, “मला लगेच परत उतरायचंय. माझ्याबरोबर पाणी वर आलंय.”

“फ्लोट पाण्यात आहेत का?” नियंत्रकानं विचारलं.

“आहेत.”

“मग तुम्ही उड्डाण केलेलं नाही. जे उडालंच नाही त्याला उतरायची परवानगी देता येत नाही. तुम्ही अजून जहाज आहात, कॅप्टन. बंदराशी बोला.”

बंदराच्या वायरलेसवर टिपणीस होते. ते धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभे होते आणि त्यांना सगळं दिसत होतं.

“तुम्ही बंदराचं पाणी घेऊन हद्दीबाहेर चालला आहात,” ते म्हणाले. “होतं तिथे परत आणून ठेवा. भरती लागायच्या आत. पाणी चढलं की खड्ड्याच्या भिंती उंच होतील, तुमचा तुकडा खोलात बसेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लाँच त्यात पडतील.”

ऊर्मिलानं विमान वळवायला घेतलं. विमान कलताच तुकडाही कलला. उजव्या कडेवरून पाणी ओघळून खालच्या रस्त्यावर पडलं आणि हसुरामची होडी त्या कडेकडे घसरू लागली.

“बाय!” वायरलेसवर त्याचा आवाज आला. होडीवर छोटा संच होता. “सरळ कर! मी पडतो!”

तिनं झटक्यात विमान सरळ केलं. होडी कडेपासून हातभर अंतरावर थांबली. आता तिला जराही कलता येणार नव्हतं, म्हणजे परत फिरायला अख्ख्या शहरावरून मोठा वळसा घ्यावा लागणार होता. इंधन तेवढ्या वळशापुरतंच होतं, आणि एवढं ओझं घेऊन विमान वर चढायला तयार नव्हतं.

मागे सहा पर्यटक बसले होते. पहिल्या रांगेत बार्शीच्या मालतीबाई लोंढे होत्या. त्या पहिल्यांदाच समुद्र बघायला आल्या होत्या.

“छान दिसतंय की,” त्या म्हणाल्या. “दर फेरीला असं पाणी बरोबर घेता का हो?”

“नाही,” ऊर्मिला म्हणाली. “पट्टे घट्ट बांधून बसा.”

मालतीबाईंनी तिच्या आवाजावरून काय ते ओळखलं. त्यांनी शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा पट्टा आधी तपासला, मग स्वतःचा.

विमान शहरावरून संथ वळत राहिलं. तुकड्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. रस्त्यावरची माणसं वर बघत, छत्र्या उघडत आणि आपापल्या कामाला चालू लागत. वळसा अर्धा झाला तेव्हा समोर टेकडी आली. टेकडीवर दीपस्तंभ होता.

“पाण्याचं बूड दीपस्तंभावरून निघून जाईल,” टिपणीस म्हणाले. “पण खाली नांगर लोंबतोय. दोरी लांब आहे. तो नाही जाणार.”

ऊर्मिलानं हसुरामला हाक मारली. “हसुरामदादा, नांगर वर घ्या.”

“नाय घेणार.”

“समोर दीपस्तंभ आहे.”

“दिसतोय मना.”

“नांगर अडकला तर होडी खेचली जाईल. तुम्ही जाल. कदाचित आम्हीही.”

“आणि उचलला तर जागा जाईल,” हसुराम म्हणाला. “साहेब आईकतायत ना? त्यांनाच इचार.”

“नियम तसाच आहे,” टिपणीस म्हणाले. “नांगर उचलला की जागा सोडली. नियम पाण्याला आहे. पाणी कुठे आहे याला नाही.”

मालतीबाई पुढे वाकल्या. “अहो साहेब, जागा तर त्यांच्या बुडाखालीच आहे. नांगर उचलला म्हणून ते जाणार कुठं?”

“बाई कोण बोलतायत?”

“प्रवासी,” ऊर्मिला म्हणाली. “साहेब, एवढा एकदा अपवाद करा.”

“अपवाद मला करता येत नाही. उतरल्यावर अर्ज करायला सांगा, विचार करू.”

हसुराम होडीच्या टोकाशी जाऊन बसला. त्यानं दोरीवर हात ठेवला होता, पण ओढत नव्हता. ऊर्मिलाला आरशात त्याची पाठ दिसत होती. दीपस्तंभाच्या पांढऱ्या भिंतीवरचे काळे पट्टे आता वेगवेगळे दिसू लागले होते.

वर चढायचा एक उपाय तिला माहीत होता. नाक एकदम उचलायचं. तुकडा मागे घसरून पडला असता, विमान हलकं झालं असतं, नियंत्रकानं तिला विमान म्हणून मान्य केलं असतं. खाली वस्ती होती आणि तुकड्यावर हसुराम होता. हा उपाय तिनं मनातून काढून टाकला, तरी तिचा हात दांड्यावर घट्ट झालाच होता. तो तिला मुद्दाम सैल करावा लागला.

“बंदर,” ती म्हणाली, “आम्ही अजून जहाज आहोत ना?”

“आहात.”

“मग मी या जहाजाची कप्तान म्हणून बोलतेय. नंतर आलेल्या जहाजानं आधी नांगरलेल्याला जागा द्यायची, बरोबर?”

“बरोबर.”

“माझं जहाज नंतर आलं. हसुराम वैतींच्या जागेवरचा हक्क मी सोडते. ते नांगर उचलोत की टाकोत. नोंद घ्या.”

“हक्क तुमचा नाही, कंपनीचा आहे. तुमची नोकरी जाईल, कॅप्टन.”

“जहाज पाण्यावर असताना कप्तान मालकाच्या वतीनं बोलू शकते. हाही तुमचाच नियम. साहेब, मला आता दिव्याची काच दिसतेय.”

वायरलेसवर वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“नोंद घेतली,” टिपणीस म्हणाले. “पट्टा मोकळा. जागा वैतींची.”

“दादा, ऐकलंत?”

हसुराम उभा राहिला होता आणि दोरी ओढत होता. ओली दोरी त्याच्या पायांशी वेटोळी होऊन पडत होती. एकदा त्याचा हात सुटला, दोरी सरसरत मागे गेली, मालतीबाईंनी “अगं आई” म्हणून डोळे मिटले. हसुरामनं दोरीवर पाय दिला, ती कमरेला गुंडाळली आणि अंग मागे टाकून पुन्हा ओढायला लागला. दीपस्तंभ विमानाच्या नाकाखाली दिसेनासा झाला. मग खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, होडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि थांबली.

“आला,” हसुराम म्हणाला. त्याला धाप लागली होती. “चिखलासकट आला.”

नांगरानं दीपस्तंभाच्या टोकावरची सळई वाकवली होती. बाकी काही नुकसान झालं नव्हतं.

विमान बंदरावर आलं ते उलट्या बाजूनं, शहराकडून. पुन्हा वळसा घेऊन नेहमीच्या बाजूनं यायला इंधन नव्हतं. भरती लागली होती. खड्ड्याच्या कडेला एक भरलेली लाँच थांबून होती आणि तिच्यातली माणसं कठड्याला ओठंगून आत बघत होती. ऊर्मिलानं वेग कमी केला, आणखी कमी केला. तुकड्याचा पुढचा कोपरा खड्ड्याच्या भिंतीला घासला, पाण्यावर पाणी खरवडल्याचा आवाज झाला. तिनं श्वास रोखून विमान बोटभर डावीकडे घेतलं. तुकडा आत बसला. बसताना त्यानं एक मोठा उसासा टाकला आणि चारही कडांच्या फटी मिटल्या.

मागे मालतीबाईंचा नवरा जागा झाला. “आलं का?” त्यानं विचारलं.

“आलं,” मालतीबाई म्हणाल्या आणि त्याचा हात धरून रडायला लागल्या.

ऊर्मिलानं काच उघडली. हसुराम होडी वल्हवत विमानाजवळ आला होता. इतके महिने त्यांनी एकमेकांना लांबूनच पाहिलं होतं. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

“तू आता उडणार कुठून, बाय?” त्यानं विचारलं.

“बघू. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पलीकडे पाणी आहे.”

“तिथं पाणी लय उसळतं.”

“माहितेय.”

हसुरामनं मान हलवली. मग तो आपल्या कोपऱ्यात गेला आणि त्यानं नांगर टाकला.

कंपनीनं ऊर्मिलाला बोलावून घेतलं आणि जाब विचारला. झालं ते तिनं सांगितलं. दुसरा कोणताही वैमानिक त्या बंधाऱ्यापलीकडून उडायला तयार नव्हता, म्हणून तिला ठेवून घेतलं. ती आता तिथूनच उडते. सुरुवातीचे हेलकावे जोरदार असतात. प्रवाशांना आधी कल्पना देतात.

टिपणीस दोन खलाशांसह लाँचनं पाहणीला आले. तुकडा पुढची बाजू मागे होऊन उलटा बसला आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चौकोनाबाहेर भरती होती आणि आत ओहोटी. खलाशांनी विचारलं, पुन्हा उचलून फिरवून बसवायचा का?

“वैतींनी नांगर टाकलाय,” ते म्हणाले. “आता हलवता येणार नाही.”

भरतीच्या वेळी बंदरात नांगरलेल्या सगळ्या होड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहतात. हसुरामची तेवढी शहराकडे तोंड करून असते. सून डबा घेऊन येते तेव्हा चौकोनाच्या कडेशी वल्हं उचलते, पाणी तिची होडी फिरवून देईपर्यंत थांबते आणि मग आत जाते.