अत्तींचं तेल आणि माझं पॅकिंग

औषधानं स्वतःचीच डबी खाल्लेली तुम्ही कधी बघितली आहे का? मी बघितली आहे. शाहूपुरीत, आमच्याच घरात, सत्त्याण्णव साली, आणि तीसुद्धा पाहुण्यांसमोर.

माझ्या सासूबाई, रुद्राणीअत्ती (आमच्यात सासूला अत्ती म्हणतात), दुखण्यावर चोळायचं एक तेल करतात. त्यात तिळाचं तेल थोडं आणि बाकीची दांडगाई जास्त. कापूर, ओव्याचं फूल, लवंगेचं तेल, निलगिरी, टर्पेंटाईन. बूच काढलं की गल्लीच्या तोंडाला कळतं, रुद्राणीबाईंकडे कुणीतरी लंगडत आलंय. तालमीतली पोरं येतात, बाजारात बसणाऱ्या बायका येतात, आणि सगळे तेल फुकट नेतात.

हे तेल दुकानात ठेवावं, असं माझ्या डोक्यात आलं. आमच्या ह्यांचे, म्हणजे बसवेश यांचे, शाळेपासूनचे मित्र बाबालालभाई अत्तार यांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. रविवारी संध्याकाळी येऊन माल बघतो, पटला तर दुकानात ठेवतो, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मला झोप लागेना. तेल अत्तींचं, दुकान बाबालालभाईंचं. मग माझं काय? माझं पॅकिंग! लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, पण ‘हे दानेश्वरीचं’ म्हणावं असं एकही काम या घरात नव्हतं. (स्वयंपाक कुणी मोजत नाही.)

तोवर तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या काचेच्या बाटल्यांतून जायचं. तेलकट हातातून बाटली सटकायची. शेजारच्या शिवलीलाकाकूंच्या न्हाणीत एक फुटली आणि कंबर बरी व्हायच्या आत त्यांचा पाय कापला. मी ठरवलं, आता काच नको. मग मी अभ्यास सुरू केला. ज्याच्या घरी जाईन तिथली औषधं बघायची. डोळ्यांत घालायचे थेंब प्लास्टिकमध्ये, गोळ्या प्लास्टिकमध्ये. दवाखान्यात माणसाच्या शिरेत जाणारं सलाईनसुद्धा प्लास्टिकमध्ये. मग गुडघ्याला चोळायच्या तेलानं कसला एवढा तोरा मिरवायचा?

बाजारात मला हव्या तशाच डब्या मिळाल्या. लग्नात काजू-बेदाणे घालून देतात ना, तसल्या कडक, आरशासारख्या स्वच्छ. टिचकी मारली की टण् वाजायच्या. ह्यांनी एक डबी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले की, औषधाचं प्लास्टिक निराळं असतंय. निराळं म्हणजे कसं, असं मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण प्रश्न मी विचारला होता, त्यामुळे मी जिंकले. (आमच्या घरात निकाल असेच लागतात.)

रविवारी सकाळी मी डब्या काठोकाठ भरल्या. माहेरहून आलेला मोराच्या नक्षीचा ट्रे होता, तसाच कडक आणि पारदर्शक. त्यात त्या ओळीनं मांडल्या, वर भरतकामाचा रुमाल घातला आणि ट्रेच्या आसपास कुणी फिरकायचं नाही असा हुकूम सोडला. तो सगळ्यांनी पाळला, हेच नडलं.

संध्याकाळी बाबालालभाई आले. त्यांच्या पत्नी सलिमाभाभीही आल्या होत्या. भाईंचा उजवा हात दिवाळीपासून खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हातानं केस विंचरत असल्यामुळे त्यांचा भांगही पलीकडे गेला होता. चहा झाला. मग मी उभी राहून भाषण केलं. प्लास्टिक म्हणजे सेफ. पडलं तरी फुटत नाही, कुणाला कापत नाही, औषधालाही सुरक्षित आणि माणसालाही. शेवटचं वाक्य तर मी दोनदा म्हटलं. आणि रुमाल ओढला.

रुमालाबरोबर दोन झाकणंही आली.

भाईंना वाटलं, ही दाखवायची पद्धतच असेल. त्यांनी कौतुकानं समोरची डबी उचलली. तिच्याबरोबर ट्रे उचलला गेला. सगळ्या डब्या, मोर, सगळं एकजीव झालं होतं.

“वैनी,” भाई ट्रे हवेत धरून म्हणाले, “एक उचलली की सगळ्या येत्यात. घाऊकच द्यायचं हाय व्हय?”

मी म्हटलं, जरा घट्ट बसल्या असतील. भाईंनी दुसऱ्या हातानं जोर केला, तेव्हा डबीच्या बाजूला त्यांची चार बोटं उमटली. तळातून काकवीसारखी तार निघाली. तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. सलिमाभाभींनी पदर नाकाला लावला.

“आक्का,” भाई अत्तींना म्हणाले, “ह्यात ॲसिड घालताय का काय?”

“माझ्या तेलाला नाव ठेवू नकोस, बाबालाल,” अत्ती म्हणाल्या. “आजवर कुणाचा गुडघा विरघळला न्हाय. तिच्या डब्यास्नीच दम न्हाय.”

आता तेलाची आणि माझी अशी उघड फारकत झाली. ह्यांनी तोंड उघडलं. ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य येणार, असं मला दिसलं, म्हणून मी त्यांना ट्रेचं दुसरं टोक धरायला सांगितलं. इकडून हे, तिकडून भाई. डबी ताणली गेली, लांब झाली, पण सुटेना. अत्ती बाजूला बसून, आडवं ओढा, उभं ओढा, असं दोघांना शिकवत होत्या.

“बसवेश, सोड की लेका,” भाई म्हणाले.

“मी सोडलंय कवाच. डबीच सोडंना झालीया.”

आणि मग काडकन आवाज झाला. हे मागं दिवाणावर बसले, मोर दुभंगला आणि भाईंचा उजवा हात सरळ वर गेला. डोक्याच्याही वर, पंख्याकडे. हातात डबीचं झाकण, आणि तेलाची धार बाहीतून आत चाललेली.

तो हात काही खाली येईना. आम्ही सगळे फरशीकडे बघत होतो आणि भाई आपल्या हाताकडे. त्यांनी तो हळूच खाली आणला, परत वर नेला. मग केसांवरून फिरवला. सलिमाभाभींनी नाकावरचा पदर काढला.

भाई जाताना काहीच म्हणाले नाहीत. होही नाही, नाहीही नाही. मी रॉकेलच्या बोळ्यानं फरशी पुसत बसले. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा एक काम माझं झालं होतं, आणि तेही फरशीला चिकटलं होतं. अत्ती मायेनं म्हणाल्या, “रडू नको गं. तेल चांगलं हाय.” मी काय तेलासाठी रडत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंचा मुलगा वसीम दुधाची स्टीलची किटली घेऊन आला, दर आठवड्याला दुकानाला एवढं तेल लागेल असं सांगून सुट्टंच भरून घेऊन गेला.